एका पोराला एक चुंबळ

सरकारला वाटतं, फळा टांगला, मास्तर बसवला की शाळा झाली. जमीन कोण सारवतं, कोळिष्टकं कोण काढतं, याची सरकारदरबारी नोंद नसते. यांच्या आजवर जिथे जिथे बदल्या झाल्या तिथे तिथे आधी मी शाळा सारवली आणि मग घर. आणि दोन्ही ठिकाणी पाय टेकायला लागले की बदलीचा हुकूम आलाच म्हणून समजा. शहाडला आलो तेव्हा पेटाऱ्याची दोरी मी पुरती सोडलीसुद्धा नाही. म्हटलं, पुन्हा आवळायचीच आहे, उगाच कशाला बोटं दुखवून घ्या.

लोक यांना श्रीपादमास्तर म्हणतात. मी अर्थातच म्हणत नाही, आणि आता लिहितानाही हात जरा अडखळलाच. माणूस साधा, विद्वान, आणि घरात निरुपयोगी. खिळा ठोकायला दिला तर आधी 'खिळा' शब्द कुठून आला ते सांगतील. पण मला लिहावाचायला यांनीच शिकवलं, सासूबाईंची बोलणी खाऊन शिकवलं, त्यामुळे मी फार बोलत नाही. थोडंच बोलते.

शहाडला मी मात्र मनातून खूश होते. नदीकाठचं गाव, आगरी वस्ती, भाताची खाचरं, आणि बैलगाडीने निघालं की ऊन चढायच्या आत कल्याणात माझं माहेर. मला दिवस गेलेले होते. माहेराच्या इतक्या जवळ असणं मला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळालं होतं. त्याआधी आम्ही मोखाड्याकडच्या रानात होतो. आमची कमळी तिथे हिवतापाने गेली. नुकती बोलायला लागली होती. वैद्य यायला दोन दिवस लागले आणि तोवर तिचं संपलं होतं. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

शाळा होती ती नावापुरती. दौलत पाटलांचा मुलगा, वाण्याची दोन मुलं आणि आणखी तिघे-चौघे देवळाच्या ओट्यावर बसून पाढे म्हणायचे. आश्विनात शाळाखात्याचे डिपोटीसाहेब तपासणीला आले. मोठं पागोटं, बारीक आवाज, आणि बोलताना समोरच्याकडे न बघण्याची सवय. त्यांनी ओट्यावरची डोकी मोजली आणि म्हणाले, "मास्तर, मुळालाच पाणी नाही तर झाड कसं वाढणार? बिगारी यत्ता कुठे आहे तुमची? आधी बिगारी मांडा. वीस-पंचवीस लहान मुलं बसलेली दिसली पाहिजेत. मी मार्गशीर्षात पुन्हा येईन. दिसली तर शाळा इथे राहील. नाही दिसली तर ती पलीकडच्या गावाला देतो, आणि तुम्हाला परत मोखाड्याकडे पाठवतो. तिकडे कोणी टिकत नाही, तुम्हाला निदान वाटा तरी ठाऊक आहेत."

मी दाराआडून ऐकत होते. वाटा मला चांगल्या ठाऊक होत्या. एका वाटेच्या कडेला कमळी आहे. त्या रात्री मी यांना म्हटलं, "अहो, मी परत तिकडे जायची नाही. पोटातलं घेऊन तर नाहीच नाही."  यांनी माझ्या पायावरचं पांघरूण नीट केलं आणि हे कुशीवर वळले. माझंही त्यापुढे भांडायचं त्राण नव्हतं.

बिगारी म्हणजे पहिलीच्याही अलीकडची यत्ता. पाच-सहा वर्षांची पोरं धुळीत बोट फिरवून अक्षर गिरवतात, चिंचोके मोजतात, नाक पुसायला शिकतात. कल्याणात माझे दोन्ही भाऊ बिगारीत बसले होते, शेजारपाजारचे झाडून सगळे बसले होते. हा शब्द आमच्या तोंडात इतका घोळलेला की त्याला काही अर्थ असू शकतो हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं.

जागा दौलत पाटलांनी दिली. चावडीच्या मागे एक लांब पडवी होती, सामान ठेवायची. पाटील म्हणाले, "वापरा मास्तर. साहेबलोकांचे तंबूचे बांबू पडलेत, ते एका कडेला सारा." दार उघडलं तर आत उंदरांचा दरबार भरलेला. बांबू, कुजलेले दोर, एक फुटका कंदील, आणि कोपऱ्यात डोक्यावर ओझं घेताना खाली ठेवतात त्या चुंबळींचा ढीग. आत काथ्या भरलेल्या, वरून चिंध्या गुंडाळलेल्या. मी टाकून द्यायला निघाले होते, पण पडले मास्तराची बायको. टाकणं आम्हाला जमत नाही.

एक गोष्ट मी इतक्या शाळा मांडून शिकले आहे. ती यांच्या ट्रेनिंगात कुणी शिकवली नव्हती. ती ही की रिकाम्या खोलीत आधी जमिनीवर बसायचं. मी कंबर धरून, भिंतीला टेकत खाली बसले. हे म्हणाले, "अगं, चक्कर आली का?"

"नाही. पाच वर्षांची होऊन बघते आहे."

पाच वर्षांच्या मुलाला त्या पडवीतून काय दिसत होतं? दारातून सकाळचं ऊन थेट डोळ्यांत येत होतं. फळा यांनी स्वतःच्या नाकासमोर टांगला होता, तो मुलांना छपरालगत दिसला असता. खुंट्या अशा उंच की टोपी अडकवायला पोराला दुसऱ्याच्या खांद्यावर चढावं लागलं असतं. मी सगळं फिरवलं. मुलांच्या पाठी दाराकडे, तोंडं भिंतीकडे. फळा खाली, इतका खाली की यांना वाकून लिहावं लागे. म्हटलं, वाका, विद्येपुढे वाकायचंच असतं. बाभळीच्या खुंट्या गुडघ्याच्या थोड्या वर ठोकून घेतल्या. नदीची बारीक रेती फडक्यातून चाळली, पाट्यांवर पसरायला. चिंचोके धुऊन वाळवले, बांबूच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. फळ्याला काजळी आणि पेज कालवून हात दिला. दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन ओकत होते आणि परत येऊन सारवत होते.

कार्तिकात सकाळी जमीन गार पडते. उघड्या जमिनीवर पोरं बसणार कशी? तरट मागवायला पैसा नव्हता. तेव्हा मला त्या चुंबळी आठवल्या. राखेने घासून, नदीवर धुऊन, चार उन्हं दाखवून मी त्या मऊ केल्या आणि ओळीने मांडल्या. एका पोराला एक चुंबळ. लहान मुलाच्या बसण्यापुरती अगदी बेताची. मी दारात उभी राहून बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. इतकी नीटस शाळा मी यापूर्वी कधी मांडली नव्हती.

शाळा भरायच्या आदल्या संध्याकाळी गावच्या राखणदाराने, सहदेवने, दवंडी दिली. मजकूर यांनीच सांगितलेला, पण सहदेवच्या तोंडून तो गावभर असा फिरला: "आयका हो आयका! सरकारचा हुकूम हाय! पाच-सा वरसांची पोरां उद्या सकाली चावडीच्या मांगं बिगारीत घालाची हायती हो!" मी भाकरी भाजत होते. ऐकून मला बरं वाटलं. आवाज चांगला होता सहदेवचा.

सकाळी एकही पोर आलं नाही.

हे दारात उभे, मी आत. ऊन चढलं. चुंबळी ओळीने तशाच. वाण्याचा मुलगा डोकावून गेला. दोन बायका पाण्याला जाताना थांबल्या, आत बघितलं, एकमेकींकडे बघितलं आणि झपाट्याने निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी हे घरोघर फिरले. सगळीकडे एकच उत्तर. "पोऱ्या? मामाकरं गेलाय." या घरचा मामाकडे, त्या घरचा मामाकडे. साऱ्या गावाला एकाच रात्रीत मामा आठवला होता. गल्लीत खेळायला एक मूल दिसेना. लहान मुलांचा आवाज नसलेलं गाव कसं असतं ते मला ठाऊक होतं. मोखाड्याकडे साथीच्या वेळी मी ते ऐकलं होतं.

हे पडवीत बसून राहत, फळ्यावर 'श्री' काढत, पुसत, पुन्हा काढत. मला राग येई. कुणावर ते कळत नसे. गावावर, डिपोटीवर, नदीवर, स्वतःच्या वाढत्या पोटावर. एके दिवशी मी घरी येऊन पेटाऱ्याची दोरी बघून ठेवली, कुठे कुजली तर नाही ना म्हणून. कशाचंच काही वाटेनासं होतं, तसं झालं होतं मला.

मग सखुबाई आली.

हे कल्याणला गेलेले होते. मी पडवी झाडत होते. कुणी येत नसलं तरी धूळ येतेच. दारात एक म्हातारी उभी. काटक, काळीसावळी, लुगड्याचा कासोटा घट्ट, पायात काही नाही. तिचा नातू धाकू पाच वर्षांचा आहे आणि तोही मामाकडे गेलेला आहे, एवढं मला यांच्याकडून ठाऊक होतं.

"मास्तरीनबाय," ती म्हणाली, "मी आलंय."

"या ना. बसा."

ती आत आली. ओळींकडे बघत राहिली. मग एका टोकाची चुंबळ उचलली, दोन्ही हातांनी दाबून गोल केली, डोक्यावर ठेवली, आणि मान ताठ करून, हात कमरेवर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"हां. ठेवा."

"काय ठेवू?"

"वझा. काय असंल ता." तिचा आवाज सपाट होता. "आमचे धाकूच्या बदल्यात मना घ्या. पोऱ्याची मान अजून कवली हाय, बाय. मोरंल. माझी पक्की हाय. मी कवापासून वाहतंय."

मी केरसुणी हातात धरून उभी राहिले. मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी तिच्यासमोर खालीच बसले.

बिगारी! वेठबिगार. थंडी पडली की साहेबलोक दौऱ्यावर निघतात, चावडीवरून हुकूम सुटतो, आणि घरटी एक माणूस तंबूचे बांबू डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत चालतो. शेतात कापणी उभी असो की घरात मयत झालेली असो. त्यांना बोलवायचं ते याच चावडीवर, कोंडायचं ते याच पडवीत, आणि ओझ्याखाली चुंबळ मिळायची ती याच ढिगातली. आम्ही थंडीच्या तोंडावर दवंडी दिली की पाच वर्षांची पोरं चावडीमागे बिगारीत घाला. आणि ज्यांनी खात्री करायला डोकावून बघितलं त्यांना काय दिसलं? एका पोराला एक चुंबळ. मीच धुऊन, वाळवून, ओळीने मांडलेली.

"माझा दादला याच दारातून गेला," सखुबाई म्हणाली. अजून चुंबळ डोक्यावरच. "घाटात तंबू चरवताना परला. साहेबानं दुसरा मानूस मांगवला. आमाला मंग कललां, आठ दिसांनी."

मी उठले, तिच्या डोक्यावरची चुंबळ काढली. तिने काढू दिली, पण संशयाने. मी सांगितलं, अहो, ही शाळा आहे, बिगारी हे यत्तेचं नाव आहे, इथे ओझं नाही, अक्षरं शिकवतात. ती ऐकून घेत होती. हुकुमाचं ऐकून घ्यायची सवय असलेली माणसं ऐकतात तशी. शेवटी म्हणाली, "तर मंग नाव बिगारी कशाला?"

 संध्याकाळी हे आले तेव्हा मी तोच प्रश्न यांना विचारला. आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दाचं मूळ यांना सांगता आलं नाही. कपाळाला हात लावून ओट्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पाटलांकडे सगळ्यांना जमवून यांनी तासभर समजावलं. विद्येचं महत्त्व, सरकारचा हेतू, सगळं. लोक उठून गेले. जाताना एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "परत्येक येली असांच गोर बोलतान."

पण सखुबाई दुसऱ्या सकाळी परत आली. "मी बसतंय," म्हणाली. "काय कराला लावता ता बघतंय. मंग सांगतंय पोऱ्याचा."

आणि ती खरोखर बसली. पहिल्या ओळीत, चुंबळीवर, साठीची बाई. हे बिचकले, जन्मात बाईला शाळेत शिकवलं नव्हतं, घरात एकीला शिकवून हात पोळले होते. म्हणून मीच पाटी पुढे घेतली, रेती पसरली आणि तिचं बोट धरलं. बोट कसलं, लाकूड होतं ते. 'श्री' काढायला तिला अर्धी सकाळ लागली. काढून झाल्यावर तिने त्याकडे बराच वेळ बघितलं, मग तळहाताने रेती सारखी केली आणि म्हणाली, "आनि मंग?"

"मग पुन्हा काढायचं."

"वझा कवा?"

"ओझं नाही."

"दुपारी?"

"दुपारी घरी जायचं."

ती हसली. माझ्यावर हसली असावी. पण तीन-चार दिवस ती रोज आली, रोज दुपारी ओझ्याची वाट बघून रिकाम्या डोक्याने घरी गेली. गावातल्या बायका येता-जाता दारात थांबू लागल्या. "काय वाह्यलंस गो, सखू?" "चिचोके," ती आतून सांगे. "धा चिचोके वाह्यले इथून तिथं." बाहेर हसणं ऐकू येई. त्या हसण्याने मला किती हायसं वाटलं ते कुणाला सांगून कळायचं नाही.

मग एके सकाळी तिच्या पदराआडून धाकू बाहेर आला. मोठे डोळे, कानात बाळी, नाकाला धार. ती स्वतः त्याच्या मागे बसली. दोन दिवसांनी आणखी तिघे मामाकडून परतले. मग सगळेच मामा एकदम कंटाळले. मार्गशीर्ष लागला तेव्हा ओळी भरल्या होत्या. यांनी 'बिगारी' हा शब्द तोंडातून काढायचा नाही अशी शपथच घेतली होती. विचारलं तर म्हणत, "शाळा. नुसती शाळा." मी पेटाऱ्याची दोरी सोडली आणि कपडे वाळत घालायला अंगणात बांधली.

सखुबाई मात्र रोज येतच राहिली. दाराशी बसे. म्हणे, "राखन करतंय." कशाची, ते मी विचारलं नाही.

डिपोटीसाहेब आले ते सकाळीच, छकड्यातून. गाडीवान छकडा घेऊन तिथूनच परत गेला, कारण पुढची तपासणी नदीपलीकडे होती. सोबत एक शिपाई, एक वळकटी आणि कागदपत्रांची भली थोरली पेटी. साहेब आत शिरले आणि थांबले. ओळीने बसलेली पोरं, प्रत्येकापुढे रेतीची पाटी, खुंट्यांवर टोप्या. "वा," म्हणाले. "वा, मास्तर." आमच्या ह्यांचा चेहरा उजळला. मी पडवीच्या खिडकीशी बाहेर उभी होते. पोटातल्याने एक लाथ मारली. मी मनात म्हटलं, बाबा रे, जरा थांब, तुझ्याच जागेचं चाललं आहे.

साहेबांनी एकाला चिंचोके मोजायला लावले, दुसऱ्याला 'श्री' काढायला. सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात शिपाई दारात आला आणि चावडीवर ओरडायच्या आवाजात ओरडला, "अरे, कोण आहे का? सायबांचं सामान धक्क्यावर आणि तिथून पलीकडे न्यायचंय! बिगारी पाहिजे, बिगारी!"

आतली सगळी बोटं रेतीत थांबली.

मी ते बघितलं आहे, म्हणून सांगते. एकही मूल रडलं नाही. पण सगळी अंगं आक्रसली आणि सगळे डोळे दाराकडे गेले. शेवटच्या ओळीतला एकजण उठून खिडकीच्या दिशेने सरकला. त्याच्या मागे दुसरा. आणखी दोन क्षण गेले असते तर पडवी रिकामी झाली असती, आणि मग पुन्हा कोणत्याही सखुबाईने 'श्री' काढून ती भरली नसती. आमचे हे फळ्यापाशी खडू धरून उभे.  साहेब कागदात बघत होते. त्यांना काही कळलंही नव्हतं. शिपायाने हाक मारली तर त्यात कळण्यासारखं काय असतं?

मी हाक मारायला तोंड उघडलं. काय म्हणणार होते कोण जाणे. त्याआधी सखुबाई उठली.

ती घाईने उठली नाही. गुडघ्यावर हात ठेवून उठली, धाकूपाशी गेली, त्याला एका हाताने जरा उचललं आणि त्याच्या खालची चुंबळ काढून घेतली. त्याला खाली गार जमिनीवर ठेवलं. "बस तू," म्हणाली. "समदी बसा. मी हाय." चुंबळ दाबून गोल केली, डोक्यावर ठेवली आणि बाहेर शिपायासमोर जाऊन मान ताठ करून उभी राहिली.

"हां. ठेवा."

शिपायाने पेटी ठेवली. वर वळकटी ठेवली. तिचे गुडघे जरासे वाकले आणि परत सरळ झाले. मी पुढे झाले, म्हटलं, "सखुबाई, नको, मी पाटलांकडून माणूस मागवते." मान हलवता येत नव्हती म्हणून तिने नुसते डोळे माझ्याकडे वळवले. "मानूस येस्तोवर पोरां पलतील, बाय. तुमी आत बघा." आणि ती नदीच्या वाटेला लागली.

खिडकीकडे सरकलेला मुलगा आपल्या जागेवर जाऊन बसला. बोटं पुन्हा रेतीत फिरू लागली. साहेबांनी कागद मिटला आणि पहिल्या ओळीतल्या धाकूसमोर उभे राहिले. प्रेमाने विचारलं, खरंच प्रेमानेच, "काय बाळ, तू बिगारीत आहेस ना?"

धाकू उभा राहिला. आधी त्याने यांच्याकडे बघितलं, मग खिडकीतून बाहेर. वाटेवर ती दिसत होती. वळकटी, पेटी, आणि त्याखाली लहान होत चाललेली ती.

"नाय," धाकू म्हणाला. "मी शालंत हाय. बिगारीत माझी आजी हाय."

साहेब हसले. पोराला समजलं नाही असं त्यांना वाटलं असावं. जाताना शेऱ्यात लिहून गेले की वर्ग उत्तम मांडला आहे, हजेरी समाधानकारक, शाळा याच गावी कायम ठेवावी. मात्र मुलांस आपल्या यत्तेचे नाव सांगता येत नाही, तरी मास्तरांनी सुधारणा करावी.

शाळा राहिली. माझं बाळंतपण माहेरी होणार हे त्या सकाळी ठरलं. यांनी मला शेरा दोनदा वाचून दाखवला. मला आनंद झाला, तो लपवता येईना, आणि लाज वाटली, तीही लपवता येईना. मी चुलीपुढे बसून रडले. माझं मूल माझ्या आईच्या घरात जन्मणार होतं, आणि त्याचं ओझं धक्क्यापर्यंत दुसऱ्याच एका आजीने वाहिलं होतं.

दिवेलागणीला ती परत आली. पायाला चिखल, मान एका बाजूला कललेली. पलीकडे गावापर्यंत नेऊन ठेवलं म्हणाली. मी गरम पाणी केलं होतं, तेल केलं होतं. ती ओट्यावर बसली पण तेल लावू देईना. काखेतली चुंबळ काढून माझ्या हातात दिली. दबून चपटी झाली होती ती.

"जरा सयल करून ठेवा, बाय," ती म्हणाली. "सकाली धाकूला बसाला लागंल."